सनईवाल्याचा डावा गाल

समजा, केसाहून जेमतेम जाड अशी सुई तुमच्या चिमटीत आहे आणि समोर एका माणसाचा गाल. सुई आत सारायची, पण किती? पट्टीने मोजून उपयोग नाही. हळूहळू फिरवत राहायचं. एका क्षणी बोटांना जाणवतं, सुई घट्ट मळलेल्या कणकेत रुतावी तशी धरली गेलीय, आणि तेवढ्यात तो माणूस म्हणतो, "हं, जड वाटतंय." तिथे थांबायचं. पण समजा, तो काहीच म्हणत नाही, आणि तुमच्या बोटांनाही सुई पाण्यात बुडवल्यासारखी वाटते. मग काय कराल?

हुआय नदीकाठच्या शुआंगहो गावात मियाओ शिउयुन गेली सव्वीस वर्षं हेच काम करते, ॲक्युपंक्चरचं, म्हणजे सुया टोचून दुखणी बरी करण्याचं. गुरूंनी तिला आधी सहा महिने कागदाच्या गठ्ठ्यात सुया टोचायला लावल्या, मग स्वतःच्या पायात. आता तिच्या दवाखान्यात एक खोली आणि सहा खाटा आहेत. कुणाच्या पायाला मुंग्या, कुणाची मान धरलेली. सगळे अंगभर सुया घेऊन साळिंदरासारखे पडून गप्पा हाणत असतात.

मार्चअखेरीला तिथे दाय वानशान आले. त्रेसष्ट वर्षांचे, पंचक्रोशीतले नावाजलेले सनईवाले. आदल्या दिवशी गार वाऱ्यात उघड्या तीनचाकीवरून परतले होते आणि सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळालं. डावा डोळा मिटेना. तोंड उजवीकडे ओढलेलं. पाच आठवड्यांनी नातीचं लग्न होतं. तिची पाठवणी आजोबांच्या सनईवरच होणार, हा शब्द त्यांनी ती पाच वर्षांची असताना दिला होता. नवऱ्या मुलाकडचे लाउडस्पीकर आणायला तयार होते. नात ऐकत नव्हती.

मियाओने त्यांना कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. मेंदूला झटका आला तर कपाळ बहुधा वाचतं; इथे कपाळही लुळं होतं, म्हणजे दुखणं चेहऱ्याच्या नसेचंच असावं, त्यामुळे तिला जरा हायसं वाटलं. तरी हाताची पकड, पायांची चाल बघून तिने त्यांना आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात पिटाळलं. दुसऱ्या दिवशी ते गोळ्या आणि डोळ्यात घालायचे थेंब घेऊन परतले. चेहऱ्याची नस सुजली होती, मेंदू ठीक होता.

पहिला आठवडाभर तिने त्यांच्या गालाला जवळजवळ हात लावला नाही. सुया हातात, पायात.

"मियाओ डॉक्टर, तोंड वाकडं झालंय माझं, हात नाही," दाय म्हणाले.

"दाय दादा, सुजलेल्या नसेला डिवचायचं नसतं. तुम्ही नुकत्याच निजलेल्या बाळापाशी सनई वाजवता का?"

शेजारच्या खाटेवरची गुडघेवाली म्हातारी म्हणाली, यांनी तेही केलं असेल. खोली हसली. दायही हसले, अर्ध्या तोंडाने.

दुसऱ्या आठवड्यात गालात सुया सुरू झाल्या. डावीकडे बारा, आणि तोल राहावा म्हणून उजवीकडे दोन, अगदी वरवर. मियाओची बोटं वाट बघत राहिली. डावा गाल काही बोलेना. सुया काढल्यावर रोज एक परीक्षा असायची. दायंनी गाल फुगवायचे आणि सगळ्या खाटांनी मिळून आकडे मोजायचे. एकाच्या आतच फुस्स. मग परत फुस्स. सोळाव्या दिवशी मात्र सुई फिरवताना ती अडकल्यासारखी झाली आणि दाय पुटपुटले, "जड." त्या दिवशी खोलीने तीनपर्यंत मोजलं आणि म्हातारीने सगळ्यांना भुईमुगाच्या शेंगा वाटल्या.

बाविसाव्या दिवशी उजवा गाल स्पिरिटने पुसताना कापूस तपकिरी झाला. वर माशाचा वास. दायंनी नजर चुकवली. बायको रोज झोपताना वाम माशाचं रक्त लावते, आणि आज सकाळी ते धुवायचं राहिलं, असं त्यांनी हळूच कबूल केलं. मियाओने तिला बोलावून घेतलं.

"वहिनी, रक्त उजवीकडे का लावलंत?"

"मग? तोंड तिकडेच ओढलंय ना. आजारी बाजू तीच."

"ती बाजू ठणठणीत आहे. लुळी पडलीय ती डावी. तिच्यात धरून ठेवायची ताकद नाही, म्हणून उजवी एकटी खेचतेय."

वहिनींनी नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड दोन्हीकडे वळवून पाहिलं. "म्हणजे बावीस दिवस मी चांगल्या गालाला औषध लावलं? अकरा वामी फुकट गेल्या?"

"फुकट कुठे?" दाय म्हणाले. "लसूण घालून खाल्ल्या की."

मियाओला रागवायचं होतं, पण तिलाच हसू फुटलं. वहिनी मात्र हार मानणाऱ्या नव्हत्या. चुकीच्या बाजूला लावून एवढा गुण आला, तर बरोबर बाजूला किती येईल, असं म्हणून त्या मासळीबाजाराकडे निघाल्याच. मियाओने त्यांना दारात अडवून डोळ्याची शपथ घातली. डोळा अजून नीट मिटत नव्हता, त्यात रक्त गेलं तर भलतंच व्हायचं.

लग्नाच्या सकाळी अंगणात लाल कागद चिकटवलेले होते. नात मोटारीकडे निघाली तशी दायंनी सनई ओठांना लावली. पहिला सूर फुटला, दुसऱ्याला डाव्या कोपऱ्यातून हवा सुटली. मियाओने नकळत आकडे मोजायला सुरुवात केली. मग गाल फुगले, दोन्ही, डावा किंचित कमी, आणि सूर असा लागला की कुंपणावरच्या कोंबड्या उडाल्या. नात मोटारीत बसायची थांबली. दाय तिच्याभोवती फिरत वाजवत राहिले, हनुवटीवर लाळेची धार, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. मियाओ बाराच्या पुढचे आकडे विसरली.

जेवणाच्या पंगतीत वहिनी वामीची कृती सांगत होत्या, या वेळी बाजू बरोबर सांगून. त्यांचा मुलगा जिल्ह्याच्या गोळ्यांचे गुण गात होता. दाय मात्र प्रत्येक टेबलापाशी जाऊन मियाओच्या सुयांच्या नावाने पेला उचलत होते. मियाओचा चेहरा दारूशिवायच लाल झाला होता. तिला आनंद झाला होता, मनापासून. सव्वीस वर्षांत असे चाळीसएक गाल तिच्या हाताखालून सरळ झाले होते. पण त्यातल्या एकालाही तिने, आपोआप बरं होतंय का ते बघायला, सुया न टोचता नुसतं बसवून ठेवलं नव्हतं. ठेवणार तरी कसं?

दाय तिच्या टेबलापाशी आले. तिने त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

"दाय दादा, खरं सांगा, मी एकही सुई टोचली नसती, तर आज तुम्ही वाजवली नसतीत का?"