चिंतामणी मास्तरांचा ज्वालामुखी

चिंतामणी मास्तर सोलापूरच्या एका शाळेत अठरा वर्षं भूगोल शिकवत होते. ज्वालामुखीचा धडा आला की ते असे तापत, की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकत. पण १९३१ च्या जानेवारीत इतिहासाचे वेणीमाधवराव सर्वांदेखत म्हणाले, "मास्तर, एवढा धूर काढता, पण डोंगर पाहिलाय का हो कधी?"

मास्तरांच्या वर्मी लागलं. "सोमवारी लाव्ह्याचा दगड आणून तुमच्यापुढं फोडतो. नाहीतर भूगोलही तुम्हीच घ्या!" असं ते बोलून बसले.

रविवारी पहाटे संगप्पाची भाड्याची मोटर निघाली. नातेपुत्याच्या पुढं, महादेवाच्या डोंगरात, पार आडरानात काळ्या दगडाचे खांब वखारीतल्या लाकडांसारखे उभे रचलेले. मास्तर टोपी काढून बघतच राहिले.

"संगप्पा, हे सगळं एके काळी पातळ होतं. रटरटत होतं!"

"पिठल्यावाणी?"

"तसंच."

"मग निवलं ते बरं झालं की," म्हणत संगप्पा मास्तरांसाठी दगड शोधायला गेला. आणला तो उभट, गुळगुळीत, वर गोल. धोतरानं पुसला आणि सवयीनं हात कनवटीच्या विभूतीकडं गेला. दगडावर तीन पट्टे ओढले. झालं! मास्तरांनी हातोडा उचलताच तो आडवा आला.

"शिव शिव! आता ह्याला घाव न्हाय घालायचा."

"बरं, दुसरा घेतो."

"दुसरा बी त्येचाच भाऊ की, मास्तर."

परतताना दगड पुढच्या सीटवर, मास्तर मागं पेट्रोलच्या डब्याशेजारी. टेंभुर्णीला इंजिन तापलं. संगप्पानं विहिरीवरून डबाभर पाणी आणलं, तोवर गौरम्मा नावाची एक म्हातारी पट्टे पाहून पुढं आली, हात जोडले आणि सगळं पाणी दगडावर ओतलं! माणसं जमली, नारळ फुटला. महादेव लिंबाखाली उतरले ते तिथंच राहिले. मोटर मात्र दोन तास वाफा सोडत होती.

सोमवारी वेणीमाधवराव शाळेच्या पायरीवर सुपारी कातरत वाटच पाहत होते. "दगड कुठाय?"

"टेंभुर्णीत. पूजा चाललीय."

सगळे शिक्षक खो खो हसले. "मग भूगोलाचं पुस्तक द्या इकडं!" वेणीमाधवरावांनी हात पुढं केला.

मास्तरांनी मान खाली घातली. नजरेसमोर पायरी. काळी. कालच्या खांबांसारखीच, तीच बारीक भोकं. त्यांनी पिशवीतून हातोडा काढला आणि वेणीमाधवरावांच्या मांडीशेजारी एक घाव घातला. कोपरा उडाला, आत पांढरे स्फटिक चमकले.

"हा घ्या लाव्हा! इतकी वर्षं त्याच्यावरच बसताय."

हेडमास्तर ओरडत बाहेर आले. पण वेणीमाधवराव केव्हाच उठले होते आणि धोतर मागून चाचपून पाहत होते.