कवळीताईंचा पडता सूर

मास्तरांचा व्हायोलिनचा क्लास एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांच्या कपड्यांना इस्त्रीचा वास यायचा. "वादन नाही तर निदान कॉलर तरी सरळ होते," असं मास्तर म्हणत.

विद्यार्थी बहुतेक पोक्त. संसार मार्गी लागला, आता राहून गेलेलं काहीतरी करू, अशा बेताने आलेले. नळदुरुस्ती करणारे काका होते, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं होतं आणि कवळीताई होत्या. या ताई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायच्या. नाव क्लासने ठेवलं होतं आणि त्यांनी ते खुशीने लावून घेतलं होतं.

क्लासची एक रीत होती. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने घरचा रियाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा आणि मास्तरांनी तो ऐकून शेरा लिहायचा. ते शेरे लोक एकमेकांना वाचून दाखवत. "गज तुम्ही धरलाय की गजाने तुम्हाला?" "हा सूर भाड्याने आणला होता का? फार लवकर परत केलात." शेरा जितका खवचट तितका विद्यार्थी सुखावायचा, कारण खवचटपणासाठी आधी नीट ऐकावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण वर्षानुवर्षं तेच धडे, त्याच चुका. मास्तरांचे कान शाबूत होते, नुसते विटले होते. तेव्हा लेकीने त्यांच्या फोनवर एक प्रोग्राम बसवून दिला.

"बाबा, हा सूर, ताल सगळं मोजतो. तुमचे जुने शेरे त्याला वाचायला दिलेत. अगदी तुमच्यासारखं लिहितो."

"माझ्यासारखं म्हणजे कसं?"

"कुजकट. पण मुद्द्याचं."

मास्तरांनी मनाशी ठरवलं, शेरा त्याने लिहावा, पण आपण स्वतः ऐकून, तपासून मगच पाठवायचा. काही आठवडे त्यांनी तसं केलंही. दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. मग ते अर्धंच ऐकू लागले. मग नुसता शेरा वाचू लागले. पुढे वाचायचंही राहू लागलं. शेवटी त्यांनी लेकीला सांगून शेरा पाठवायचं बटण दाबायचं कामही त्यालाच देऊन टाकलं. असल्या गोष्टीत माणूस एकदम बुडत नाही. आधी घोट्यापर्यंत पाणी येतं आणि पायांना बरं वाटतं.

तक्रार कुणाचीच नव्हती. उलट काकांचा वर्षानुवर्षं कणसूर लागणारा एक सूर चक्क जागेवर आला. "सर, हल्ली तुमचं लक्ष फार बारीक झालंय हं," काका भारावून म्हणाले. मास्तर "हं" म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थित गेलं.

मग क्लासचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. कवळीताई म्हणाल्या, यंदा मी स्वतः बांधलेली चाल वाजवणार. एका संध्याकाळी त्यांनी ती मास्तरांना वाजवून दाखवली. चाल नेटकी होती. सगळे सूर ओळीत, एकही पुढे-मागे नाही. शेवटी एक लांब सूर, अगदी ताठ.

"छान," मास्तर म्हणाले. "फक्त शेवट जरा गुळगुळीत वाटतो."

"गुळगुळीत? अहो सर, तुम्हीच तर करून घेतलात!" ताई हसल्या. "आधी तो सूर पडायचा. तुम्ही लिहिलंत, 'शेवटचा सूर जिना उतरून कुठे निघाला? त्याला वर बोलवा.' मी उलट लिहून विचारलं, मुद्दाम तसा ठेवलाय, चालेल का? तर तुम्ही म्हणता, 'मुद्दाम केलेली चूक म्हणजे इस्त्री केलेली चूक.' इतकी हसले मी! मग बसले घोटत."

मास्तरही हसले. वाक्य खरंच चांगलं होतं. त्यांनी ते आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं.

ताई गेल्यावर त्यांनी फोनमधलं या चालीचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. तीच चाल, जरा अडखळत. शेवटचा सूर मात्र हळूहळू खाली येत होता. कुठल्याच ठरलेल्या जागी न टेकता, थकलेलं माणूस खुर्चीत बसावं तसा. मास्तरांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. इतकी वर्षं शिकवलं, पण विद्यार्थ्यांनी त्यांना त्यांचंच परत केलं होतं. त्यांनी न शिकवलेलं काहीतरी घेऊन कुणीतरी पहिल्यांदाच दारात उभं राहिलं होतं, नीट विचारूनही पाहिलं होतं, आणि मास्तर घरात नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईंच्या कामाच्या ठिकाणी गेले. छोटी खोली, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, फळीवर जबड्यांची रांग. सगळेच जबडे हसत होते. मास्तरांना ते आपल्यालाच हसताहेत असं वाटलं. ताई मोटरवर एक कवळी घासत होत्या. मास्तरांना पाहून त्यांनी मोटर बंद केली. तिचा गुंजारव एकदम थांबला नाही. हळूहळू खाली येत येत विरला.

मास्तर दारातच थबकले.

"ओळखलंत?" ताई म्हणाल्या. "दिवसभर कानात हाच आवाज. बंद केली की असा उतरतो, आणि तेवढं क्षणभर बरं वाटतं. चाल त्यावरूनच सुचली."

"ताई, तुमची चाल मी ऐकलीच नव्हती."

"काल ऐकलीत की."

"त्याआधी कधीच नाही. शेरे मी लिहिले नाहीत. प्रोग्राम लिहायचा, माझ्या नावाने."

ताईंनी हातातली कवळी खाली ठेवली. "तो जिन्याचासुद्धा?"

"तोसुद्धा."

"आणि इस्त्रीचा?"

"तोही."

"चांगला होता तो," ताई म्हणाल्या.

मास्तरांना शिव्या सोसल्या असत्या. ते घाईने म्हणाले, "चूक त्या प्रोग्रामची आहे. त्याला तेवढा सरळ सूर कळतो."

"त्याला कशाला नावं ठेवता, सर? त्याने ऐकलं तरी."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत राहिलं. तो थांबेपर्यंत मास्तर फळीवरचे जबडे पाहत राहिले.

"पहिल्यासारखंच वाजवा," ते शेवटी म्हणाले. "तेच खरं होतं."

"नाही येत आता. तुम्ही गुळगुळीत म्हणालात ना, म्हणून रात्री करून पाहिलं. बोट खाली सरकतं, पण मी सरकवतेय हे मला कळत राहतं. आधी ते आपणहून जायचं."

"मी शिकवेन."

"काय, पडायला?" ताई हसल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच मास्तरांना जड गेलं.

"ताई, मला माफ..."

"सावकाश मागा हो, सर. एक गृहस्थ बिनदातांचे बसलेत तिकडे, लेकीच्या साखरपुड्याला जायचंय त्यांना." त्यांनी मोटर सुरू केली.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंनी चाल वाजवली. शेवटचा सूर ताठ उभा राहिला, आणि टाळ्या पडल्या. नळवाले काका उठून म्हणाले, "काय सूर लावलाय शेवटचा! एकदम काटेकोर. सर, मेहनत तुमची बरं का!"

मास्तर उभे राहिले. "माझी नाही," ते म्हणाले. "मी यांचं ऐकलंच नव्हतं. आणि काका, तुमचंही नाही."

खोली हशाने भरून गेली. "ऐकलंत? आम्हालाही सोडलं नाही!" काका डोळे पुसत म्हणाले.

"अहो, खरं सांगतोय मी," मास्तर म्हणाले. लोक अजूनच हसले. वाक्य त्यांच्या शेऱ्यांसारखंच तुटक होतं, शोभून दिसत होतं.

एकट्या कवळीताई हसल्या नाहीत. मान खाली घालून त्या गजाचा स्क्रू सैल करत होत्या.

"सर, बसा," त्या हळूच म्हणाल्या. "काकांचं सुरू होतंय. ऐका."

मास्तर बसले.