नळ आला की थांब

चपलांचा ढीग दिसला की मला देऊळ नाही, घाटकोपरचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. सत्याऐंशी साली तिथल्या एसी खोलीत अनवाणीच जायचं. त्या दिवशी माझ्या प्रोग्रॅमने पडद्यावर माझं नाव छापलं आणि पुढे नुसती चित्रविचित्र चिन्हं. पोरं हसली. सर म्हणाले, "पॉइंटरला, म्हणजे एकेक अक्षर दाखवत पुढे सरकणाऱ्या बोटाला, पहिल्या अक्षराचा पत्ता दिलास, पण थांबायचं कुठे ते सांगितलंस का?" एकदम आई आठवली. चाळीत हळदीकुंकवाचं बोलावणं करायला पाठवताना म्हणायची, "पहिल्या खोलीपासून सुरू कर, गॅलरीच्या टोकाचा नळ आला की थांब गं." मी भराभर शेवटच्या अक्षरानंतर एक जागा वाढवली, तिथे थांबायची खूण म्हणून शून्य ठेवलं. पडद्यावर माझं नाव, फक्त माझं नाव! "झकास!" मी ओरडलेच. आता मी शिकवते त्या क्लासमधल्या पोरी मलाच विचारतात, "मॅडम, शेवटी शून्य कशाला?" मी म्हणते, "अगं, नळ नको का?"