कौसल्या भानुदास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायची छाती माझ्यात अजूनही नाही. जन्मभर मास्तरकी केली, पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि स्वतः — पण थांबा. असं एकदम नाही सांगता येणार.

शेवगावच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. शाळेला एक जोडकाम होतं, रविवारचं केंद्र. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनी पोस्टानं पुस्तकं मागवायची, घरी अभ्यास करायचा, महिन्यातून दोन रविवार आमच्याकडे शंका विचारायला यायचं आणि बाहेरून दहावीला बसायचं. कागदोपत्री त्यांना 'बहिःस्थ' म्हणत. म्हणजे बाहेरचे. आम्ही तो शब्द भलताच मनावर घेतला होता. वर्गांना कुलूप असायचं आणि ही माणसं व्हरांड्यात सतरंजीवर बसायची. नोकरीत मी सगळ्यात नवा, म्हणून केंद्र माझ्या गळ्यात पडलेलं. स्टाफरूममध्ये मी म्हणायचो, "हे दूरशिक्षण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." सगळे हसायचे. मला माझा विनोद फार आवडायचा.

एक ट्रकवरचा क्लीनर यायचा. रफिक नावाचा एक शिंपी यायचा, त्याच्या शर्टाला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या एक मावशी यायच्या. आणि कौसल्या. सातवीपर्यंत शिकलेली, मग लग्न, मग नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. सहा महिने गावात, सहा महिने कारखान्याच्या टोळीबरोबर. विशी-बाविशीची असेल. ती प्रश्न फार विचारायची. मला त्याचाही राग यायचा — हिला कशाला हवाय समास?

यंदा, इतक्या वर्षांनी, त्या सगळ्यांनी मिळून मेळावा घेतला. पत्रिका घेऊन रफिक स्वतः घरी आला. मी कपडे करून गेलो, मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहिलो आणि खरं सांगतो, माझी मान आपोआप खाली झाली. तो क्लीनर कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाला होता. रफिक एका कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक. झाडलोट करणाऱ्या मावशी पुढं नर्स झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरी आज जिल्हाभर आहेत. मावशी थकल्यात, दोघींनी धरून आणलं होतं, पण नजर तीच — माणसाला उभं चिरणारी. दिवसाच्या शाळेत माझे नंबरात येणारे विद्यार्थी होते ना, ज्यांच्यासाठी मी जादा तास घेतले? बरे आहेत तेही. पण त्यांना शाळा होती, घर होतं, मी होतो. ह्यांना काय होतं? कंदील, पोस्टानं आलेली पुस्तकं आणि एक नाकानं कांदे सोलणारा मास्तर. एवढ्यावर ही माणसं कुठं जाऊन पोचली! डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं तसा मी त्यांच्याकडे बघत होतो.

मग कौसल्या बोलायला उभी राहिली. काळा कोट नव्हता घातलेला, पण सभागृह तिला ओळखत होतं. नगरच्या कोर्टात ती वकील आहे. काम एकच, बायकांचे कागद. माहेरच्या नावानं दाखला, सासरच्या नावानं रेशनकार्ड, तिसऱ्याच नावानं सातबारा, अशा घोळात अडकलेल्या बायका राजूरच्या डोंगरातून आणि पाथर्डीच्या माळावरून तिच्याकडे येतात. नावाच्या पायी कुणा बाईचा हक्क बुडाला की कौसल्या हात धुऊन मागं लागते, असं म्हणतात. मी ते ऐकून होतो. ती ह्याच कामाकडे का वळली, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी फॉर्म भरला तो कौसल्या भानुदास म्हणून. भानुदास माझे आण्णा. दाखल्यावर तेच नाव होतं. टोळीतून आठ दिवसांची सुट्टी काढून परीक्षेला आले, तर सर म्हणाले, बोर्डानं फॉर्म परत पाठवला. दाखल्यावर माहेरचं नाव, लग्न झालेलं, जुळत नाही. सगळीकडं सासरचं नाव लावून घे. मग मी नाव बदलून घेतलं. राजपत्रात छापून आलं. पुढच्या वर्षी नवऱ्याच्या नावानं, कौसल्या अंबादास म्हणून पास झाले."

इथं ती पाणी प्यायली.

"निकाल घेऊन माहेरी गेले. आण्णांना वाचता येत नव्हतं. म्हणले, वाचून दाखव. वाचला. म्हणले, परत वाच. परत वाचला. मग म्हणले, 'पोरी, सातवीपर्यंत म्या तुला खांद्यावर बसवून शाळंत नेलं. ह्याच्यात माझं नाव कुठं हाय?' त्या वर्षीच गेले आण्णा. तेव्हा ठरवलं, दुसऱ्या कुठल्या बाईच्या बापाचं नाव असं पुसू द्यायचं न्हाई." भाषणात ती चांगली शहरी मराठी बोलते, पण शेवटचं ते 'न्हाई' पार गावचं निघालं. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "सरांनी वेळेवर सांगितलं, मार्ग दाखवला. नाहीतर मी तिथंच संपले असते."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली.

आता सांगतो.

बोर्डानं काही परत पाठवलं नव्हतं. तिच्या नावात काडीची चूक नव्हती. दाखल्यावर जे नाव तेच फॉर्मवर, आणि लग्न झालेल्या बाईनं माहेरच्या नावानं परीक्षा द्यायला कुणाची ना नव्हती. टोळी निघायच्या आदल्या दिवशी ती फॉर्म माझ्या हातात देऊन गेली होती. फोटो चिकटवायचा राहिला होता. मी म्हणालो, ठेव, मी चिकटवतो. फॉर्म व्याकरणाच्या पुस्तकात ठेवला. नंतर बाकीच्यांचे फॉर्म घेऊन नगरला गेलो, खिडकीवर दिले, सही घेतली. परतीच्या एसटीत आठवलं.

इथपर्यंत विसरभोळेपणा म्हणता येईल. कुणाच्याही हातून होतं. पण मुदत संपली नव्हती हो! अजून आठवडा होता. शेवगावहून नगर म्हणजे काय परदेश? पुन्हा एक फेरी मारायची, एवढंच. मी गेलो नाही. रोज म्हणायचो, उद्या. आणि मनात काय चालायचं ते सांगू? ही ऊस तोडायला गेलेली बाई, कशाला येतेय परीक्षेला परत? दहावी होऊन ही काय दिवे लावणार? — हे शब्द माझे आहेत. मुदत संपली त्या दिवशी मी फॉर्म फाडला. तिचा फोटो पुस्तकात उरला होता, तोही फाडला. भीती नव्हे, लाजही नव्हे. टेबल आवरताना रद्दी फाडावी तसा फाडला.

आणि ती आली. धुतलेलं पातळ, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, मुठीत नवंकोरं पेन. मुकादमाच्या शिव्या खाऊन आली होती. "सर, हॉल तिकीट?" म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं होतं — कौसल्या, माझं चुकलं. तीन शब्द. हेडमास्तर रागावले असते, फार तर केंद्र काढून घेतलं असतं, जे मला नकोच होतं! तरीही माझ्या तोंडातून निघालं ते तिच्या नावाचं कारण. ते इतक्या सहज सुचलं की माझं मलाच नवल वाटलं. मास्तर ना मी. चूक काढायची म्हटली की पहिली समोरच्याचीच दिसते.

ती रडली नाही. खाली बघून म्हणाली, "माझ्याच नावात खोट हाय म्हना की." मग मान वर करून, "काय करू ते सांगा." ती लवकर जावी म्हणून मी सांगितलं, सासरचं नाव लावून घे.

तिनं ते केलं. माझ्या एका थापेसाठी तहसीलच्या चकरा मारल्या, बापाचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं, बारावी केली, पदवी घेतली, नगरला राहून कायदा शिकली आणि आज ती दुसऱ्या बायकांची नावं राखते. मला हे पेलत नाही. माझ्या खोट्यातून इतकं खरं तिनं कसं उभं केलं? ते सगळं तिचं. त्यात माझा वाटा एकच, तिच्या बापाला जो प्रश्न पडला तो.

मेळाव्यात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो. तिच्याकडे बघितलं. "मला तुम्हा सगळ्यांचा अभिमान आहे," म्हणालो आणि बसलो.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली. म्हणाली, "सर, एक काम होतं. बोर्डाचं ते पत्र तुमच्याकडं असेल का हो कुठं? फॉर्म परत आला तेव्हाचं? माझ्या ऑफिसात फ्रेम करून लावायचंय. येणाऱ्या बायकांना दाखवीन, म्हणीन, हे बघा, मलाही असंच आलं होतं."

मी म्हणालो, "शोधतो."

"सावकाश शोधा," ती म्हणाली. "घाई नाही."

तीन महिने झाले. परवा तिचा फोन आला होता, सापडलं का विचारायला. मी सांगितलं, अजून शोधतोय.