मटाराशेजारची लस

आधी चहा घ्या. ही गोष्ट कोरड्या घशानं माझ्याच्यानं सांगवत नाही. आणि तुमच्या हातात कप असलेले बरे, निदान टाळ्या पिटून हसता तरी येणार नाही!

मी चौथी पास. पुढचं सगळं माझं मी शिकले. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय कधी फेकला नाही. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये पस्तीस वर्षं संसार केला. फ्यूज मी बांधला, मिस्टरांच्या पेन्शनसाठी हापिसात मी भांडले. त्यामुळे कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. जबलपुरात घमापुरच्या आमच्या वृद्धनिवासात भिंतीवरच्या सगळ्या सूचना माझ्याच अक्षरात आहेत. 'नळ बंद करावा.' 'दुसऱ्याची काठी नेऊ नये.' 'कवळी बेसिनवर विसरू नये.'

माझ्या खोलीत कुसुम राहते. तिची छाती अशी, की शेजारच्या गल्लीत कोणी शिंकलं तरी हिला खोकला! मागच्या हिवाळ्यात दवाखान्यातून परत आली ती अर्धी होऊन. डॉक्टर म्हणाले, पुढची थंडी यायच्या आत हिला फ्लूची लस द्याच, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही.

पण द्यायची कशी? फाटकापर्यंत चालायचं, ऑटोत बसायचं, मग रांगेत ताटकळायचं. कुसुमला ते जमणारं नव्हतं. तिच्यासारखे आमच्याकडे अकरा जण. मग मी सरकारी दवाखान्याच्या साहेबांना अर्ज लिहिला: 'आम्ही येऊ शकत नाही, म्हणून लसीनं आमच्याकडे यावं.' उत्तर नाही. दुसरा लिहिला. उत्तर नाही. तिसरा घेऊन मी स्वतः गेले, साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढली आणि तारीख मिळेपर्यंत उठले नाही.

तर लस मी आणली होती. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या डोक्यात त्या दिवशी दुसरं काहीच नव्हतं.

ऑक्टोबरातलं ऊन कसं असतं इथं, तुम्हाला ठाऊक आहे. रजनी नावाची नर्स निळा डबा घेऊन आली. डबा वऱ्हांड्यात सावलीला, टेबलावर ठेवला आणि आत जाऊन एकेकाचं बीपी पाहत बसली. डॉक्टर यायचे होते. अर्धा तास झाला, डॉक्टर नाहीत.

मी डब्याचं झाकण काढलं. विचारलं नाही. काहून विचारू? आत लसीच्या इवल्या बाटल्या आणि चारही बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या. एक उचलून कानाशी हलवली. डुबुक!

"कुसुम, ऐक! अर्धं पाणी झालं. इथं बर्फ वितळून राहिला आणि ती पोरगी आत गप्पा करून राहिली!"

"अगं विमल, तिला विचार न एकदा."

"दूध नासून राहिलं की आपण गवळ्याला विचारायला जातो का?"

"पण ते दूध नाही न, बाई."

ऐकते कोण! इवल्या बाटल्या पदरात घेतल्या, झाकण नीट लावलं आणि थेट स्वयंपाकघरात गेले. तिथं मोठा फ्रीजर आहे. त्यात मागच्या थंडीत आम्ही सगळ्यांनी मिळून सोललेला मटार. जबलपूरचा माणूस लेकरांशिवाय राहील, मटाराशिवाय नाही! मटार इतके महिने हिरवागार राहतो, तर लस तासभर नाही राहणार? दोन पिशव्यांच्या मध्ये बाटल्या छान झोपवल्या.

आणि हे मी कोणालाच सांगितलं नाही. कुसुमलाही दटावलं, "चूप बैस. पोरीला धडा मिळू दे."

आता पुढचं सांगताना मान वर होत नाही माझी.

डॉक्टर आले तेव्हा चांगला दीड तास झाला होता. अकरा जण खुर्च्यांवर ओळीनं, बाह्या वर करून. रजनीनं डबा उघडला.

"हे भगवान! वैक्सीन कहाँ गई?"

तिनं टेबलाखाली पाहिलं, पिशवी उलटी केली, फाटकापर्यंत धावत गेली. मी समोर बसलेली. पायावर पाय टाकून! तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठं मी उठले. एवढी मोठी विद्वान!

"रो मत बेटी. तुम्हारी लापरवाही मैंने सँभाल ली."

आत गेले आणि स्टीलच्या ताटलीत बाटल्या घेऊन आले. वर पांढरं दव जमलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मी मान लववून त्या घेतल्यासुद्धा. एक बाटली ताटलीवर वाजवून दाखवली, टक् टक्. "देखो, एकदम पत्थर!"

रजनीनं बाटली हातात घेतली, तिरपी केली. आत काही हललं नाही.

"अम्मा... ये तो जम गई."

"हाँ! जमाई तो है!"

"अम्मा, एक बार जम गई तो बेकार. अब किसी को नहीं लगा सकते. इसीलिए तो हम बर्फ को थोड़ा पिघलाके रखते हैं, कि दवाई जमे नहीं." आणि हळूच म्हणाली, "डब्बे पे लिखा तो है, अम्मा."

लिहिलं होतं. झाकणावर, हाताएवढ्या अक्षरांत: 'जमने न दें.' पुडीचा कागद न वाचता न फेकणाऱ्या बाईनं तेच झाकण काढून टेबलावर पालथं ठेवलं होतं.

टाळ्या थांबल्या. एकेकानं बाही खाली केली. कुसुमनंही केली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चौथा अर्ज नेला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान. 'लस मी खराब केली. नर्सबाईंचा दोष नाही. कृपया पुन्हा यावे.' साहेबांनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"क्यों अम्माजी, आज कुर्सी नहीं खींचेंगी?"

"नहीं साहब. आज खड़ी ही ठीक हूँ."

लस पुन्हा यायला तीन आठवडे लागले. ते दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक! सकाळी हवेत गारवा यायला लागला. कुसुम शिंकली की माझा जीव अर्धा. मी धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचे.

"अगं, फोडणीचा ठसका आहे! सर तिकडे!"

"कफ आहे का? छाती दुखते का?"

"छाती नाही, तू डोकं दुखवून राहिली!"

देवानं लाज राखली. तिला काही झालं नाही. रजनी पुन्हा आली, निळा डबा टेबलावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मी न सांगता उठले आणि थेट फाटकाजवळ जाऊन उभी राहिले. पहिली सुई कुसुमला. मी लांबूनच पाहिली आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

संध्याकाळी कुसुम दंड चोळत म्हणाली, "विमल, कागद-पेन आण. भिंतीवर सूचना लावायची आहे. मी सांगते, तू लिही."

आणलं. आता नाही म्हणायला तोंड होतं का मला?

"लिही. लसीचा डबा सावलीत ठेवावा."

लिहिलं.

"लस गोठू देऊ नये."

तेही लिहिलं.

"लहान मुलांपासून दूर ठेवावी."

"अगं, आपल्या वृद्धनिवासात लहान मुलं कुठून येतील?"

"हो, हे बरोबर," कुसुम म्हणाली. "मग ते खोड आणि तिथं तुझं नाव घाल."

घातलं. अजून आहे भिंतीवर. येणारे-जाणारे म्हणतात, बाईंचं अक्षर मात्र सुरेख आहे.