दवाखाना पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्यात नोकरीला निघालेली पहिली मुलगी मीच. त्यामुळे माझ्यासाठी वर पाहण्याआधी दवाखाना पाहिला गेला.

परिचर्येचा अभ्यासक्रम मी प्रथम श्रेणीत पूर्ण केला आणि नेमणुकीची दोन पत्रे हाती आली. एक पुण्याच्या चार मजली रुग्णालयाचे, दुसरे चारठाण्याच्या सहा खाटांच्या धर्मादाय दवाखान्याचे. पुण्याचे पत्र मी उशाखाली ठेवून झोपत असे. मग स्वप्नात लिफ्टचे दार आपोआप उघडे आणि लांबच लांब पांढऱ्याशुभ्र बोळातून मी पांढरी टोपी घालून चालत असे, पावलांचा आवाज न करता. (आमच्या गावच्या, वालूरच्या काळ्या मातीत हे पावसाळ्यात अशक्यच!)

मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला, "पोरगी द्यायची तर आधी स्थळ बघायचं! चारठाणा जवळ हाय. ते पसंत पडलं तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई."

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस, एसटीचा नेम नव्हता. म्हणून अप्पा, आत्या, बसवंतकाका आणि मी ओळखीच्या व्यापाऱ्याच्या जीपमधून निघालो. आत्याच्या हुकमावरून मी संपूर्ण गणवेश चढवला होता. (वधूने शालू नेसावा तसा!)

वृद्ध डॉक्टर रुग्णांच्या गराड्यात होते. अप्पांनी नमस्कार करून रीतसर चौकशी आरंभली.

"डाक्टरसाहेब, घरात माणसं किती?"

"आज पंचेचाळीस," रांगेकडे पाहत डॉक्टर म्हणाले.

"हिरीला पाणी टिकतंय का?"

"उन्हाळ्यात नाही."

"खरं बोलायलेत. मानसं चांगली हायेत!" अप्पा माझ्या कानात पुटपुटले.

आत्या स्वयंपाकघराच्या शोधात आत शिरली आणि एका उकळत्या भांड्याचे झाकण उचलून किंचाळली, "अगं बया! सुमे, इथं सुया शिजवायलेत!"

"आत्या, ते निर्जंतुकीकरण आहे."

"आसंल! पण जेवायला काय?"

काकांनी खाटांची परीक्षा हाती घेतली. "लय आखूड न्हाई," असे म्हणत ते तीन नंबरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पालथे झाले आणि जीपच्या धक्क्यांनी शिणल्यामुळे तत्काळ घोरू लागले. (त्या खाटेचा खरा हक्कदार, पायाला विळा लागलेला एक शेतकरी, पाणी प्यायला बाहेर गेला होता. हे मला नंतर कळले.)

मी खिडकीपाशी उभी होते. दूरवर जुन्या देवळाचे खांब उन्हात झळकत होते. पाहता पाहता त्यांचा पांढरा बोळ झाला, लिफ्टचे दार हळूच उघडले...

"सिस्टर! तीन नंबर, धनुर्वाताचं इंजेक्शन. लवकर!"

सिस्टर! जागेपणी मला अशी हाक प्रथमच ऐकू आली. मी तरंगतच निघाले.

इंजेक्शन देण्यापूर्वी पाच गोष्टींची खात्री करावी: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. तोंडी परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण होते. त्यांपैकी चार गोष्टी मी डोळ्यांत तेल घालून तपासल्या!

"मेलो! दादा, पोरीनं भोसकलं मला!" काका धोतर सावरत खाटेवर उभे राहिले.

"हे कोण?" डॉक्टर धावत आले.

"मुलीचे काका," अप्पांनी ओळख करून दिली.

दारातून खरा रुग्ण लंगडत आला. "सिस्टर, माजं झालं का मंग?"

मी रिकामी सिरिंज पाठीमागे लपवली. ही नोकरी गेली, आणि बातमी पुण्याला पोहोचली तर तीही! अप्पा खाली मान घालून म्हणाले, "साहेब, आता नापसंतच म्हना."

डॉक्टरांनी काकांना तपासले. "घाबरू नका. यांची धनुर्वाताची चिंता मिटली!" मग ते माझ्याकडे वळले. "बाई, हात हलका आहे. सुई शिरली तरी हे घोरतच होते. औषध गेलं तेव्हा उठले. पण आज चूक घरच्या माणसावर झाली. पुण्यात परक्यावर झाली असती. आधी इथं शिकून घ्या."

चार मजल्यांवर मिळून तीन नंबरच्या खाटा किती असतील, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला आणि स्वप्नातल्या लिफ्टचे दार स्वतःच ओढून घेतले.

त्या संध्याकाळी पुण्याला पत्र लिहिले, "काही घरगुती अडचणीमुळे रुजू होता येत नाही." अडचण त्या वेळी ओसरीवर पालथी पडून चहा मागत होती. मी कप घेऊन गेले आणि देण्यापूर्वी विचारले, "आपलं संपूर्ण नाव?"