एका सिमवर सगळं रान

"भाई, एका मोटरीवर सगळ्यांचं रान भिजतंय, तर प्रत्येकानं बोअर कशाला मारायचा?"

हो ची मिन्हच्या विमानतळावर सिमकार्डाच्या काउंटरपुढे नामदेवअण्णांनी हा सवाल टाकला आणि माझं पाठ केलेलं भाषण वाया गेलं.

मी राहुरीत टूर ऑफिस चालवतो. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर आयफेल टॉवरचा मोठा फोटो. तिथं मी अजून गेलेलो नाही, पण गिऱ्हाइकाला ते सांगायची वेळ आलेली नाही. आधी फक्त मक्केला उमराहच्या यात्रेचे ग्रुप न्यायचो. पुढे आपल्या भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे सुरू झाले. हा ग्रुप राहुरी आणि श्रीगोंद्याकडचा होता. व्हिएतनामच्या बागा बघायला निघालेला.

उतरल्यावर माझं भाषण ठरलेलं असतं. परदेशात फोन चालू ठेवायचे तीन मार्ग. पहिला, आपल्याच सिमवर रोमिंगचा रिचार्ज मारायचा. नंबर तोच राहतो, पण नेट जपून वापरावं लागतं. दुसरा, तिथलं प्रीपेड सिम घ्यायचं. नेट भरपूर, पण नंबर परका. तिसरा, ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम.

"कार्डच न्हाई, तर घालायचं काय?" कुणीतरी विचारलं. तिसरा मार्ग तिथंच संपला.

पहिला मार्ग महाग म्हणून गेला. दुसऱ्यावर एकमत झालं, पण प्रत्येकी एक सिम घ्यायला नामदेवअण्णा तयार नव्हते. अण्णा श्रीगोंद्याकडचे, उसाचे आणि बोलण्याचेही बागायतदार. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकाच फोनमध्ये मोठं सिम घालायचं आणि हॉटस्पॉटनं, म्हणजे त्या फोनमधून बाकीच्यांना नेट सोडून, काम भागवायचं.

"सगळे एकदम चिकटले तर कुणालाच नेट मिळणार नाही," मी म्हटलं.

"मग पाळी लावू की. त्यात काय?"

कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी थोडं, रान जास्त, म्हणून पाळी. ज्याची पाळी त्याचं पाणी, आणि दुसऱ्याच्या पाळीत दार उघडणारा माणूस गावाच्या नजरेतून उतरतो. त्यांनी हा कायदा जसाच्या तसा हॉटस्पॉटला लावला. मी इतकी वर्षं लोकांना परदेश दाखवतोय. लोक परदेशातही आपलंच गाव मांडतात, हे दर वेळी नव्यानं बघतो.

फोन कुणाचा घ्यायचा यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. मुळाकाठच्या गावातले हे भाऊसाहेब म्हणजे शांत माणूस. गावात पाण्याच्या पाळ्या तेच लावतात आणि स्वतःच्या रानाला सगळ्यात शेवटी पाणी घेतात. शिवाय त्यांच्या फोनची बॅटरी मोठी होती.

त्या फोनमध्ये दोन सिमं होती, दोन्ही भारतातली. नव्यासाठी एक काढणं भाग होतं.

"कुठल्या नंबरवर कमी फोन येतात?" मी विचारलं.

"ह्या जुन्यावर. त्याच्यावर कोनीच फोन करत न्हाई."

"मग तोच काढू."

काढलेलं सिम मी चिकटपट्टीनं त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवलं. नवं सिम चालू झालं आणि माझ्या मते सगळं व्यवस्थित झालं. माझ्या मते सगळं व्यवस्थित झालं की बायको नसीम सावध होते. पण ती राहुरीत ऑफिस सांभाळत होती.

पुढचे दिवस झकास गेले. बसमध्ये भाऊसाहेब मधल्या सीटवर बसायचे आणि फोन गळ्यात लटकवायचे. ज्यांची पाळी ते त्यांच्या आसपासच्या सीटवर यायचे. पाळी संपली की भाऊसाहेब पासवर्ड बदलायचे. त्याला सगळे 'दार टाकलं' म्हणायचे. एकदा अण्णांनी वेळ संपल्यावर गाईचा व्हिडिओ बघायला दुसऱ्याकडून पासवर्ड काढून चोरून नेट घेतलं, तर जेवताना सगळ्यांनी त्यांना 'पाणीचोर' म्हणून हाक मारली. अण्णा हसले, पण पुढं शिस्तीत राहिले.

भाऊसाहेबांनी स्वतःची पाळी संध्याकाळी ठेवली होती, सर्वांच्या शेवटी. फोन त्यांचा, सिम त्यांच्या फोनमध्ये, आणि दिवसभर ते व्हॉट्सॲप उघडत नव्हते. मला ते कौतुकाचं वाटलं होतं.

आम्ही फान थिएत शहराच्या बाजूला एका बागेत होतो. ड्रॅगन फ्रूटच्या रांगांवर बल्ब लावलेले. रात्री उजेड दिला की झाडाला दिवस लांबल्यासारखा वाटतो आणि हंगाम नसताना फूल धरतं. बागेचा मालक आमच्यातल्या एकाच्या मोबाईलमध्ये बोलत होता, ॲप त्याचं हिंदी करत होतं. पाळी त्या ॲपची होती. अण्णांचा प्रश्न चालू होता, "बल्ब किती उंचीवर बांधायचा, त्ये विचार त्याला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझ्या सिमवर रोमिंग असतं. टूरवाल्याचा फोन बंद असून चालत नाही. नसीम होती.

"भाऊसाहेब जवळ आहेत का?"

"आहेत. का?"

"त्यांची मुलगी सकाळपासून व्हॉट्सॲपवर फोन करतेय, ते कट करतायत. शेवटी बिचारी गाडी काढून ऑफिसात आली. समोर बसून रडतेय."

मी भाऊसाहेबांना बाजूला घेतलं. घरी काही बरंवाईट झालं, असंच त्यांना वाटलं असावं, कारण ते बोलायच्या आधी खाली मातीवर बसले.

"स्नेहल फोन करत होती का सकाळी?"

"व्हय. लई येळा. पर दुसऱ्यांची पाळी हुती भाई. ती रोजच करती, काय जेवलात म्हनून. म्हनलं सांजंला बोलू."

मी माझ्या फोनचा स्पीकर चालू केला. स्नेहलनं नाक ओढत सांगितलं ते असं. तिला व्हेटर्नरीला सीट लागली होती. व्हेटर्नरी म्हणजे गुराढोरांची डॉक्टरकी. पहिल्या फेरीत नाव हुकलं होतं, आता आलं होतं. ही सीट मला हवी, असं संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर जाऊन सांगायचं होतं. नाही सांगितलं तर सीट पुढच्या मुलीला. आणि ते सांगताना मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. ओटीपी म्हणजे थोड्या मिनिटांसाठीची किल्ली.

"मग टाक की," भाऊसाहेब म्हणाले.

"पप्पा, नंबर तुमचा दिलाय. जुना."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बॅगेकडे पाहिलं. पासपोर्ट तिच्यातच होते.

"ई-मेलवर येत नाही का?" मी विचारलं.

"ई-मेल सेवा केंद्रवाल्या दादाचा टाकलाय. त्यांचा फोन लागत नाही."

"तुझा स्वतःचा नंबर का नाही दिलास फॉर्मवर?"

उत्तर भाऊसाहेबांनी दिलं. "मीच नगं म्हनलं. पोरीचा नंबर कुटंबी जायला नको. फॉर्म कोन बघतंय, कोनाच्या हातात जातोय. उगं कोनीबी फोन करत बसतंय."

आमच्या ऑफिसात मुलींचे पासपोर्टचे अर्ज येतात, त्यांवरही बापाचाच नंबर असतो. कुणाचा भावाचा. आम्ही टाकतो आणि पुढं सरकतो.

नसीमनं विचारलं, "दुकानातून डुप्लिकेट सिम काढू का? सिम स्नेहलच्या आईच्या नावावर आहे म्हणे."

सुचलेलं चांगलं होतं. पण नवं सिम काढलं की त्यावर एक दिवस मेसेज येत नाहीत. दुसऱ्याच्या नावानं सिम काढून बँक लुटू नये म्हणून ही सोय आहे. इथं ती आडवी आली असती. वर हातातलं सिमही मेलं असतं.

"दुकानात जाऊ नका," मी म्हटलं. "त्या जुन्या नंबरवर रोमिंगचा रिचार्ज तिकडूनच मार. सिम इथं घालतो. मेसेज येईल."

"येईलच का?"

"यायला पाहिजे."

"म्हणजे खात्री नाही."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं माझं 'यायला पाहिजे' ओळखलं आहे.

पिनेनं भाऊसाहेबांच्या फोनचा सिमचा ट्रे काढला. नव्या सिमला हात न लावता दुसरं भारतीय सिम काढलं आणि तिथं जुनं बसवलं. फोन सुरू झाला, पण रेंज येईना. परदेशात आपलं सिम तिथल्या एखाद्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणं म्हणून बसतं. त्या टॉवरनं घरात घेतलं तरच. बागेत त्या कंपनीचा टॉवर पोचत नव्हता.

"रस्त्यावर जाऊन बघू," मी म्हटलं.

अडचण अशी की फोन गेला की बागेतलं नेट जाणार, आणि नेट गेलं की मालकाचं हिंदी जाणार. ज्या बागेसाठी इतक्या लांब आलो, तीच मुकी होणार. भाऊसाहेब उठले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मंडळी, तुमची पाळी मोडतोय. माफी असावी."

"कालवा फुटल्यावर पाळी इचारत्यात का, भाऊसाहेब?" अण्णा म्हणाले. "चला."

आणि सगळाच ग्रुप बल्ब सोडून आमच्या मागं रस्त्याकडे निघाला. मालकाला वाटलं आम्ही रागावून चाललोय. तो हातात चिरलेलं ड्रॅगन फ्रूट घेऊन मागं येत राहिला.

डांबरी रस्त्याला लागलो. फोनमध्ये टॉवर हातानं निवडता येतो. यादीतला एक दाबला, नाही घेतलं. दुसरा दाबला, थोडा वेळ गोल गोल फिरला आणि दोन दांड्या आल्या.

मग फोन थरथरायला लागला तो थांबेना. ज्या नंबरवर कुणीच फोन करत नव्हतं, त्यावर अख्खं घर नांदत होतं. गॅस सिलिंडर आला. म्हातारीची पेन्शन जमा झाली. डेअरीला दूध किती गेलं. बँक, विमा, रेशन. मी काउंटरवर विचारलं होतं ते फोनबद्दल. मेसेजबद्दल विचारलंच नव्हतं.

त्यात ओटीपीही होते. एक नाही, रांगच. स्नेहल घाबरून सकाळपासून बटण दाबत होती.

भाऊसाहेबांनी चष्मा चढवून पहिला दिसला तो वाचला. तिकडून आवाज आला, "चुकीचा दाखवतंय."

"थांबा," मी म्हटलं. नवा ओटीपी मागितला की आधीचे सगळे मरतात, आणि साचलेले मेसेज क्रमानं येतातच असं नाही. "स्नेहल, आता काय दिसतंय?"

"एकदाच प्रयत्न उरलाय म्हणतंय. नाहीतर उद्या या."

उद्या सीट नव्हती.

एक ट्रक गेला. मी म्हटलं, "सगळे जुने जाऊ दे. आता एकदाच दाब आणि हात बाजूला ठेव. आम्ही सांगेपर्यंत कशालाही शिवू नकोस."

"दाबलं."

फोन भाऊसाहेबांच्या तळहातावर होता. त्याभोवती सगळ्या टोप्या जमल्या. मेसेज आला, तो पशुखाद्यावरच्या सवलतीचा. अण्णांनी कंपनीचा उद्धार केला. परत थरथर. हा खरा होता, आत्ताची वेळ दाखवणारा.

भाऊसाहेबांनी एकेक आकडा सावकाश वाचला, पेरणीत दाणा टाकावा तसा. प्रत्येक आकडा स्नेहलनं परत म्हणून दाखवला. मग तिकडं नुसती पंख्याची घरघर.

"हिरवं आलं," नसीम म्हणाली. "झालं. छापून घेतलंय."

भाऊसाहेबांनी माझा फोन कानाला लावला, स्पीकर चालूच होता हे ते विसरले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही सकाळी उचलला का नाही?"

"दुसऱ्यांची पाळी हुती गं."

"पप्पा," स्नेहल म्हणाली, "कॉलेजात नंबर विचारतील. होस्टेलला पण. माझा देऊ का?"

भाऊसाहेब रस्त्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे उगाच इकडं तिकडं बघू लागलो. मालकानं तेवढ्यात फोडी पुढं केल्या, त्या आम्ही मुकाट घेतल्या.

"दे," ते म्हणाले. मग, "कोनी फोन करून तरास दिला तर मला सांगायचं. आनि न्हाईच सांगावंसं वाटलं, तर आईला तरी सांग."

"बरं."

त्यानंतर माझा काउंटरवरचा प्रश्न बदलला. कुठल्या नंबरवर कमी फोन येतात, असं मी विचारत नाही. या नंबरवर घरातल्या कुणाकुणाचं काय अडकलंय, असं विचारतो. लोक आधी 'कुणाचंच नाही' म्हणतात. मग बायकोला फोन लावतात. म्हणून हा प्रश्न आता विमानतळावर न विचारता राहुरीतच विचारतो, निघायच्या आठवडाभर आधी. सिम कुठलं घ्यायचं हे त्यानंतर दोन मिनिटांत ठरतं.

घरी परतल्यावर मी मोठ्या गंभीरपणे आमच्या अल्फियाला बोलावलं. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं, "बेटा, तुझ्या कॉलेजच्या कागदांवर माझा नंबर आहे. तो आपण बदलून तुझा घालू."

तिनं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "अब्बा, तो मी पहिल्या वर्षीच बदलला."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. बदलायला तुमच्याकडे ओटीपी मागितला, तर फ्रॉड आहे म्हणून तुम्ही फोन ठेवलात. मग अम्मीनं तुम्ही नमाजला गेल्यावर तुमचा फोन बघून सांगितला."

मी नसीमकडे पाहिलं. ती भाकरी उलटत होती.